कुणाला कळू नये, हे ध्येय नको

प्रश्न : माझी मुलगी तीन वर्षांची असल्यापासून दोन्ही कानांना मशीन वापरते. नेहमीच्या मराठी शाळेत शिकून यंदा दहावीला तिला 81 टक्के मिळाले. समोरच्याचे ओठ बघून ती इतकं छान बोलते की पाहुण्यांना पत्ताही लागत नाही. तिला सायन्स घेऊन फार्मसीला जायचंय. शाळेतले सर म्हणतात, बोलावं लागणार नाही अशी लाइन घ्या, टायपिंग नाहीतर ड्रॉइंग. ओठ वाचण्याचा असा एखादा कोर्स आहे का, की कॉलेजात आणि पुढे नोकरीत कुणाला कळणारच नाही? दिव्यांगत्वाचा दाखला मुद्दामच काढलेला नाही. उद्या लग्नाच्या वेळी अडचण नको. — एक आई, सांगली जिल्हा

ताई, नमस्कार.

तिला फार्मसीला जाऊ द्या. सरांनी काळजीपोटीच सांगितलं असेल, पण बोलावं लागत नाही असं काम कुठेच नसतं. टायपिंग करणाऱ्यालाही साहेब येऊन काहीतरी सांगतातच. 81 टक्के मिळवणाऱ्या मुलीने आवडीचा विषय सोडावा, असं या पत्रात मला काही दिसत नाही.

आता कोर्सचं. ओठ वाचण्याचा सराव स्पीच थेरपिस्ट करून घेतात, आणि सरावाने फरक पडतो. मुंबईत वांद्र्याला 1983पासून अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवण दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे एकदा जाऊन या, कानाची तपासणी आणि थेरपीचा सल्ला एकाच ठिकाणी मिळेल. पण कुणाला कळणारच नाही, इथवर पोचवणारा कोर्स तिथेही नाही आणि जगात कुठेही नाही. यात तुमच्या मुलीचं काही कमी पडत नाही. बोलण्याचा बराचसा भाग ओठांवर दिसतच नाही. इंग्रजीतले जेमतेम 30 ते 40 टक्के ध्वनी डोळ्यांना दिसतात असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. मराठीत प, फ, ब, भ, म यांना ओठ सारखेच मिटतात. आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘बाबा’, ‘मामा’, ‘पापा’ म्हणून बघा. तिन्ही एकच दिसतील. क, ख, ग, घ तर घशाजवळ होतात, त्यांचा बाहेरून काही मागमूस लागत नाही.

मग तिला समजतं कसं? मशीनमधून येणारा थोडा आवाज, ओठांवर दिसणारा तुकडा, आणि ‘आता इथे काय बोललं जाणार’ याचा तिचा अंदाज, या तिन्हींची जुळणी ती क्षणाक्षणाला करत असते. घरी पाहुणे काय बोलणार हे ठरलेलं असतं, शब्द रोजचे असतात, म्हणून अंदाज बरोबर येतो. हे डोकं थकवणारं काम आहे. संध्याकाळी ती चिडचिडी होत असेल किंवा मशीन काढून गप्प बसत असेल, तर त्याला आळस समजू नका.

म्हणूनच मला फार्मसीपेक्षा अकरावीची जास्त काळजी वाटते. मराठी माध्यमातून इंग्रजी सायन्सला जाताना चांगली ऐकू येणारी मुलंही पहिले काही महिने गांगरतात. हिच्यापुढे तर एक मूलभूत अडचण आहे: जो शब्द आधी माहीतच नाही, तो ओठांवरून ओळखता येत नाही. ‘पेशी’ ती पटकन ओळखेल, ‘सायटोप्लाझम’ नाही. त्यासाठी उद्याचा धडा आजच वाचून त्यातले नवे शब्द वहीत काढायचे. रात्री दहा मिनिटं तुम्ही किंवा तिच्या बाबांनी ते शब्द तिच्यासमोर आधी आवाज न काढता आणि मग आवाजात म्हणायचे. उच्चार चुकतील अशी भीती वाटली तर शेजारच्या कॉलेजातल्या एखाद्या मुलीला बोलवा. एवढ्या तयारीनेच वर्गातला निम्मा ताण उतरतो.

क्लास निवडताना फीच्या आधी खोली बघा. शंभर मुलांच्या हॉलमध्ये सर तोंडासमोर माइक धरून बोलतात, म्हणजे ओठच झाकले जातात. खिडकीला पाठ करून उभं राहिलं तर चेहऱ्यावर अंधार येतो. फळ्याकडे तोंड करून बोललेलं तर पूर्णच गेलं. पंधरा-वीस मुलांचा साधा क्लास आणि दुसऱ्या बाकावरची, थोडी कडेची जागा तिला जास्त उपयोगी पडेल. तिथून सरही दिसतात आणि प्रश्न विचारणारी मुलंही.

आता जे सांगायला मी मुख्यतः हे उत्तर लिहायला घेतलं ते सांगते. ‘कुणाला कळू नये’ असं ठरवलं की माणूस एक सवय लावून घेतो: समजलं नाही तरी हसून मान डोलवायची. घरच्या समारंभात ते खपून जातं. औषधांच्या प्रयोगशाळेत नाही. ‘साठ’ आणि ‘सात’ ओठांवर जवळपास सारखेच दिसतात. साठ मिलिग्रॅम म्हणाले की सात, हे न विचारता ‘हो सर’ म्हणणारी मुलगी कितीही हुशार असली तरी तिच्या हातून मोठी चूक होईल, आणि दोष तिच्या कानांवर जाईल. नोकरीत उपयोगी पडणारं कौशल्य लपवण्याचं नाही, बोलणं आपल्याला हवं तसं वळवून घेण्याचं आहे.

ते शिकवता येतं. नुसतं ‘काय?’ किंवा ‘परत सांगा’ म्हटलं की लोक तेच वाक्य आणखी मोठ्याने ओरडतात, आणि ओरडताना तोंड वेडंवाकडं होऊन ओठ आणखीच कळेनासे होतात. त्याऐवजी जेवढं समजलं तेवढं सांगून उरलेलं विचारायचं: ‘सॅम्पल दुपारी पाठवायचं हे कळलं, कुठल्या बॅचचं?’ समोरच्याला एकच शब्द परत सांगावा लागतो आणि मुलगी लक्ष देऊन ऐकतेय हेही त्याला दिसतं. दोनदा विचारून नाही कळलं तर ‘दुसऱ्या शब्दांत सांगा’ म्हणायचं, कारण दुसरा शब्द कदाचित ओठांवर स्पष्ट दिसेल. आकडे, तारखा, औषधांची आणि माणसांची नावं मात्र नेहमी लिहूनच घ्यायची. त्यात भीड नको.

आणि ओळख करून देतानाच तिने म्हणावं: ‘मला कमी ऐकू येतं. माझ्याकडे बघून बोललात तर समजतं. आकडे लिहून द्या.’ ही तीन वाक्यं मराठीत आणि इंग्रजीत सहज येईपर्यंत घरी म्हणून घ्या. कॉलेजच्या पहिल्या दिवशी प्रत्येक शिक्षकाला तिने स्वतः ती सांगावीत, तुम्ही नाही.

फार्मसीतलं थोडं. बारावीनंतर डी. फार्म. दोन वर्षांचं, बी. फार्म. चार वर्षांचं. मी बी. फार्म. सुचवेन, कारण त्याने कारखाने आणि प्रयोगशाळांची दारं जास्त उघडतात. गर्दीच्या वेळी मेडिकलच्या काउंटरवर तिची दमछाक होईल. क्वालिटी कंट्रोलच्या, म्हणजे औषधांचा दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये मात्र सगळा कारभार लेखी असतो. जे लिहिलं नाही ते केलंच नाही, असं तिथे धरतात. नीटनेटक्या, काळजीपूर्वक काम करणाऱ्या मुलीला तिथे मान मिळतो. निर्जंतुक विभागात सगळ्यांच्या तोंडाला मास्क असतात, तिथे ओठ वाचणं संपलंच, तेव्हा तो विभाग टाळलेला बरा. बैठकांसाठी फोनवर लाइव्ह ट्रान्स्क्राइबसारखं ॲप आहे, बोललेलं पडद्यावर लिहून दाखवतं, मराठीसुद्धा. गोंगाटात ते चुकतं, पण शांत खोलीत चांगला आधार होतो.

सुट्टीत तिने थोडी भारतीय सांकेतिक भाषाही शिकावी असं मला वाटतं. खुणा शिकल्या की बोलणं जाईल ही भीती तिच्या वयाला लागू नाही, तिची मराठी पक्की झाली आहे. तिच्यासारख्याच, नोकरी करणाऱ्या मोठ्या मुलींशी तिची ओळख होईल, आणि ते तिला फार गरजेचं आहे. सारा सनी या कर्णबधिर वकील 2023मध्ये दुभाष्यामार्फत थेट सर्वोच्च न्यायालयात उभ्या राहिल्या, हे तिला जरूर सांगा.

राहिला दाखला. लग्नाची काळजी मला कळते. पण मशीन कानावर दिसतंच, आणि जे घर दाखल्यावरून नाही म्हणेल ते मशीन बघूनही म्हणेल. दाखला न काढल्याने नुकसान मात्र आत्ताच होतंय. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान 5 टक्के जागा आहेत. सरकारी नोकऱ्यांत 4 टक्के, त्यातला 1 टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी. दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबल घट असेल तर कमी ऐकू येणारे आणि 70 डेसिबलपासून पुढे कर्णबधिर, असं कायदा धरतो. परीक्षेतल्या सवलतींनाही हाच दाखला लागतो. बारावीनंतर प्रवेशाच्या धावपळीत तो हाताशी हवा असेल तर आत्ताच यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर अर्ज भरा. जुना ऑडिओग्राम (कानाच्या तपासणीचा आलेख) असेल तर सोबत ठेवा, जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात तपासणी नव्याने होईल.

अर्ज तिच्याच हातून भरून घ्या. आणि क्वालिटी कंट्रोलबद्दल तिला काय वाटतं, हे तिने मला स्वतः लिहावं.