जंगल, रान, राई, माळ, सडा : पाऊस तोच, शब्द वेगळे

प्रश्न असा आला आहे : “‘जंगल’ हा शब्द मुळात दाट झाडीसाठी नव्हताच, कोरड्या माळासाठी होता, असं वाचलं. हे खरं आहे का? असेल तर रान, वन, राई, माळ, सडा यांत नेमका फरक काय? आणि ‘बायोम’ला मराठीत काय म्हणावं?”

पहिल्या भागाचं उत्तर : हो, खरं आहे. संस्कृतात ‘जाङ्गल’ म्हणजे कोरडा, उघडा, विरळ झाडांचा मुलूख. चरकसंहितेच्या कल्पस्थानात पहिल्याच अध्यायात देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत : जांगल, आनूप आणि साधारण. जांगल देशाचं पहिलंच विशेषण ‘पर्याकाशभूयिष्ठ’ आहे, म्हणजे चहूकडे आकाशच जास्त दिसतं असा. तिथली झाडं कोणती? खैर, धावडा, सालई, बोर, टेंभुर्णी, शमी. पक्षी कोणते? लावा, तित्तिर, चकोर. याउलट आनूप देशात पाणी मुबलक, आणि झाडांत हिंताल, तमाल, नारळ, केळ. दोन्हींचं मिश्रण तो साधारण देश.

ही यादी घेऊन आज माण तालुक्यातून निघून तळकोकणात उतरलात, तरी ती बऱ्यापैकी जुळते. हवा आणि जमीन बघायची, त्यावरून झाडं, झाडांवरून जनावरं, आणि मग तिथल्या माणसाची प्रकृती, अशी ती मांडणी आहे. वैद्यकासाठी केलेली असली तरी तिची रीत परिसर वाचणाऱ्याची आहे.

पुढे हा शब्द लोकभाषांतून फिरत फिरत दाट झाडीकडे सरकला. फारसीत जंगल म्हणजे झाडीच, हिंदी-उर्दूतही तेच, आणि इंग्रजीत गेल्यावर तर त्याला वेली आणि दलदलही चिकटली. आज मराठीत ‘जंगल’ म्हटलं की डोळ्यांपुढे दाट झाडीच येते आणि त्यात चूक काही नाही. मात्र एका ठिकाणी जुना अर्थ अजून शाबूत आहे, तो म्हणजे विदर्भातल्या महसुली दप्तरातल्या ‘झुडपी जंगल’ या नोंदीत. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत उथळ, हलक्या, खुरट्या झुडपांच्या जमिनींना हे नाव पडलं. त्यात दाट झाडी अभिप्रेतच नव्हती. पण दप्तरात ‘जंगल’ लिहिलं आहे म्हणजे ही वनजमीन का, यावर दशकानुदशकं वाद चालला, आणि मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वनजमीनच मानली. एका शब्दाची दोन वयं एकाच सातबाऱ्यावर कशी भेटतात, त्याचं याहून ठळक उदाहरण माझ्या माहितीत नाही.

आता दुसऱ्या भागाकडे येऊ. माळ, सडा, राई, रान हे शब्द ‘कमी झाडं, जास्त झाडं’ अशा एकाच पट्टीवर मांडले की गोंधळ होतो. यातला प्रत्येक शब्द पाऊस, खालचा दगड, मातीची खोली आणि तिथं काय जगतं हे सगळं एकत्र सांगतो. ते कळायला सह्याद्रीचा पाऊस समजून घ्यावा लागतो.

नैऋत्य मोसमी वारा समुद्रावरून ओल घेऊन येतो आणि हजार-चौदाशे मीटर उंच भिंतीवर आदळतो. वर चढताना हवा थंड होते. बाष्पाने भरलेली हवा दर किलोमीटरला साधारण 6 अंशांनी निवते, बाष्पाचं पाणी होतं आणि ते घाटमाथ्यावर पडतं. माथा ओलांडून तीच हवा पूर्वेकडे उतरते तेव्हा ती कोरडी असते, आणि कोरडी हवा उतरताना किलोमीटरमागे जवळजवळ 10 अंशांनी तापते. तापलेल्या हवेत ढग टिकत नाहीत. हीच पर्जन्यछाया. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत फलटण-दहिवडीकडे तो पाचशेच्या आसपास येतो.

म्हणून तर लोकांनी या पट्ट्यांना वेगवेगळी नावं दिली : खाली कोकण, माथ्याला लागून मावळ, अकोले-इगतपुरीकडे डांगाण, आणि पलीकडे देश. जनावरंसुद्धा त्या त्या पट्ट्याची. डांगाणातल्या डांगी गुरांच्या कातडीला तेलकटपणा असतो, त्यामुळे मुसळधार पावसात भातखाचरात राबताना अंगावर पाणी ठरत नाही. माणदेशातलं खिल्लार मात्र उन्हाचं, कोरड्या चाऱ्याचं आणि लांब चालीचं. दोघांची अदलाबदल केली तर दोघांचेही हाल.

पण एवढ्यावर थांबलं तर ‘जास्त पाऊस म्हणजे दाट वन, कमी पाऊस म्हणजे गवत’ असा सोपा आणि चुकीचा नियम हाती येतो. तो मोडायला सडा पुरेसा आहे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात आणि गोव्यात जांभ्या दगडाच्या सपाट माथ्याला सडा म्हणतात. घाटावरही हा शब्द आहे, पाटण तालुक्यातलं सडावाघापूर नावातच तो घेऊन बसलं आहे. रत्नागिरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी सड्यावर मोठं झाड नाही. कारण खाली लोखंड-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी घट्ट झालेलं कवच आहे आणि वर माती काही सेंटिमीटर, तीही खळग्यांत साठलेली. पावसाळ्यात पाणी मुरायला जागा नाही म्हणून मुळं बुडतात, आणि ऑक्टोबरनंतर तोच कातळ तव्यासारखा तापतो. चार महिने दलदल आणि आठ महिने वाळवंट, असं वर्ष झाडाला झेपत नाही. सड्याच्या कडेला, उतारावर, जिथं माती खोल आहे, तिथं त्याच पावसात गर्द देवरहाटी, म्हणजे देवराई, उभी असते. पाऊस तोच, जमीन वेगळी, म्हणून शब्दही वेगळा.

सड्यावर जे जगतं ते घाईत जगतं. जूनमध्ये रुजायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलायचं, ऑक्टोबरात बी टाकून मोकळं व्हायचं. उरलेलं वर्ष काही बियांच्या रूपात काढतात, तर दिपकाडीसारखी कंदाच्या रूपात. या पातळ, धुऊन निघालेल्या मातीत नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतं. म्हणून इथं कीटकभक्षी वनस्पती सापडतात. ‘सीतेची आसवं’ हे जांभळं फूल वरून नाजूक दिसतं. त्याची खरी करामत ओल्या मातीत असते. तिथं मोहरीहूनही बारीक फुगे असतात. फुग्यातलं पाणी वनस्पती आधीच बाहेर काढून टाकते, त्यामुळे आत ओढ तयार होते. एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की दार आत उघडतं, पाण्यासकट जीव आत खेचला जातो आणि दार मिटतं. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे उरकतं. मातीतून न मिळणारं नत्र ती असं मिळवते.

कातळावरच्या उथळ डबक्यांवर आयुष्य बेतलेले प्राणीही आहेत. आंबोलीचा भेक पहिल्या पावसात जांभ्यावर साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. डबकं आटायच्या आत पिल्लांना पाय फुटायला हवेत, एवढीच त्याची मुदत. अशा ठिकाणी सुरुंग लावून कवच फोडलं, बाहेरून माती आणून भरली, की आंबा येतो, पण त्या तुकड्यावर पाणी साचण्याची सगळी रीत बदलते आणि सड्याची वनस्पती परत येत नाही. बाग करणाऱ्याचं पोट त्यावर आहे, हेही खरं. पण ‘ओसाड कातळ लागवडीखाली आणला’ असं लिहिताना ‘ओसाड’ हा शब्द तरी वापरू नये.

माळ वेगळा. तो पर्जन्यछायेतला, बहुधा काळ्या दगडावरच्या उथळ मुरमाड जमिनीचा. पाऊस पाचशे-सातशे मिलिमीटर आणि तोही बेभरवशाचा. इथं राज्य गवताचं. गवताचे वाढीचे कोंब जमिनीलगत असतात आणि वजनाचा मोठा भाग मुळांत असतो, म्हणून वरून चरलं, वाळलं किंवा जळलं तरी पहिल्या सरीला ते पुन्हा फुटतं. झाडाचा शेंडा गेला की त्याची अनेक वर्षं वाया जातात.

कुसळी गवत एकदा हातात घेऊन बघा. बियाचं टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले राठ केस, आणि मागे काही सेंटिमीटर लांब, पीळ पडलेलं कुसळ. रात्री दव पडलं की पीळ सुटतो, दिवसा वाळलं की पुन्हा बसतो. या उलटसुलट फिरण्याने बी मातीत घुसत जातं, आणि मागे वळलेल्या केसांमुळे परत वर येत नाही. वणवा आला तरी ते जमिनीखाली सुखरूप. मेंढीच्या लोकरीत अडकून ते पाच गावं पुढेही जातं. डोळ्यातल्या कुसळ-मुसळाची म्हण सांगणाऱ्याने हे कुसळ नक्कीच पायातून उपसलेलं असणार.

माळावर बसायला फांदी नाही, म्हणून चंडोल हवेत चढून गातो. लपायला झाडी नाही, म्हणून काळवीट आणि चिंकारा लांबवर नजर आणि वेग यांवर जगतात. माळढोक उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो. त्याला दूरवरचं दिसत राहणं ही त्याची सुरक्षा आहे. म्हणून माळावर सुबाभूळ किंवा ग्लिरिसिडिया लावून ‘हिरवाई’ केली की सावलीत गवत मरतं, नजर अडते, आणि ज्यांच्या नावातच माळ आहे ते पक्षी जागा सोडतात. मोठ्या झाडांचं तर तेही होत नाही. खड्डा फूट-दीड फुटावर मुरमाला टेकतो, टँकर बंद झाला की रोप जातं.

या ठिकाणी एक कळकळीची सूचना. माळाला ‘पडीक’ म्हणू नका. पडीक म्हणजे कसत असलेली, पण सध्या पेरा नसलेली जमीन. हा शेतकऱ्याचा शब्द आहे, त्याला लागवडीचा संदर्भ आहे. माळ कधी पेरलाच नव्हता, तो पडीक कसा होईल? ‘वेस्टलँड’ या सरकारी वर्गाचं भाषांतर म्हणून ‘पडीक’ सर्रास वापरतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की इथं काहीतरी करायचं राहून गेलं आहे. ‘कुरण’ आणि ‘गायरान’ हेही माळाचे समानार्थी नव्हेत. कुरण राखलेलं असतं, गवत कापण्यासाठी किंवा ठरावीक काळ चारण्यासाठी. गायरान गावाच्या सामाईक चराईचं. ते दोन्ही माळावर असू शकतात, पण ते शब्द जमिनीचा वापर आणि हक्क सांगतात, स्वभाव नव्हे.

रान सगळ्यांत लवचीक. ‘अरण्य’ झिजून झालेला हा शब्द. रानडुक्कर, रानभाजी, रानकेळ यांत ‘न लावलेलं, न पाळलेलं’ हा अर्थ आहे. पण पश्चिम महाराष्ट्रात “बाबा रानात गेलेत” म्हणजे शेतावर गेलेत. संदर्भ दिल्याशिवाय ‘रान’ वापरून निसर्गावर लेख लिहिला तर सांगलीचा वाचक वेगळं चित्र बघेल. राई म्हणजे सलग, गोळा झालेली झाडी, आमराईतली तीच, ‘वनराजी’तल्या राजीशी नातं सांगणारी. दोडामार्ग तालुक्यात आणि गोव्यातल्या सत्तरीत काही देवरायांत बारमाही पाण्यात रानजायफळाच्या कुळातली झाडं उभी आहेत. चिखलात मुळांना हवा मिळत नाही म्हणून ती गुडघ्यासारखी वर काढलेली असतात. चरकाचा आनूप देश बघायचा तर तिथं जावं.

भाषांतरात एक चूक वारंवार दिसते, ती इथंच सांगतो. युरोपातल्या ‘ऑटम’ची पानगळ मराठीत ‘शरदातली पानगळ’ होऊन येते. आपला शरद आश्विन-कार्तिकाचा. तेव्हा रान भरगच्च हिरवं असतं. तिकडे थंडी आणि आखडता दिवस यांमुळे पानं गळतात, आपल्याकडे जमिनीतली ओल संपत आली म्हणून. सागाचं मोठं पान फार पाणी उडवतं, म्हणून तो हिवाळा सरताना उघडा होतो आणि पळस, पांगारा, सावर निष्पर्ण असतानाच फुलतात. आपली पानगळ शिशिराची. परदेशी कथेत ‘पानगळीचा हंगाम’ म्हणावं, शरद तिथं नेऊ नये. तसंच प्रत्येक दाट वनाला ‘वर्षावन’ म्हणू नये. सह्याद्रीत सदाहरित, निमसदाहरित, आर्द्र पानझडी, शुष्क पानझडी असे पट्टे काही किलोमीटरांत बदलतात.

राहिला ‘बायोम’, म्हणजे सारखं हवामान आणि सारखी जीवसृष्टी असलेला विशाल प्रदेश. पाठ्यपुस्तकी मराठीत ‘जीवसंहती’ हा शब्द आहे आणि तो वापरावा. ‘परिसंस्था’ आणि ‘अधिवास’ या वेगळ्या संकल्पनांचे शब्द आहेत, ते इथं आणू नयेत. मात्र जीवसंहती हा खंडाच्या मापाचा शब्द आहे : टुंड्रा, तैगा, उष्ण वाळवंट, सॅव्हाना. साताऱ्याचा माळ आणि रत्नागिरीचा सडा त्या नकाशावर वेगळे उमटतही नाहीत. तालुक्याच्या मापाने लिहायचं असेल तर माळ, सडा, राई हेच शब्द घ्या, आणि कोणता घ्यायचा याची शंका आली तर तीन गोष्टी विचारा : कुदळ किती खोल जाते, खाली जांभा लागतो की मुरूम, आणि मे महिन्यात तिथं हिरवं काय उरतं.