एकच गोष्ट चौघांना सांगताना

‘मी सगळ्यांना नीट समजावून सांगते, तरी माझे म्हणणे कुणापर्यंत पोहोचत नाही. माझे इंग्रजी कच्चे आहे म्हणून असे होत असेल का?’ नोकरी करणाऱ्या तरुण मुलामुलींकडून हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो आणि मराठी माध्यमातून शिकून मोठ्या कारखान्यांत किंवा आयटी कंपन्यांत लागलेल्यांच्या मनात तर तो ठाण मांडूनच बसलेला असतो. अशाच एका तरुणीचा अनुभव, तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे मांडत आहे.

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात ती क्वालिटी इंजिनिअर होती. मूळची मराठवाड्यातली, आधी डिप्लोमा आणि मग पदवी घेतलेली. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये तिच्या तांत्रिक कामाचे कौतुक होते, पण शेवटच्या रकान्यात ‘कम्युनिकेशन सुधारणे आवश्यक’ एवढाच शेरा होता. त्या एका ओळीने ती इतकी खचली होती, की इंग्रजी संभाषणाच्या वर्गाची फी भरून मोकळी झाली होती आणि बैठकीत बोलायची वेळ आली की तिच्या घशाला कोरड पडू लागली होती.

शेरा नेमक्या कोणत्या प्रसंगावरून दिला आहे, हे तिने साहेबांना विचारले नव्हते. प्रसंग न सांगता दिलेला असा शेरा मला अन्यायाचा वाटतो, कारण त्यातून माणसाला आपले सगळेच चुकते आहे असे वाटू लागते आणि सुधारायचे काय ते मात्र कळत नाही. म्हणून पहिले काम तेच ठरले. ‘सर, कोणत्या प्रसंगी माझे बोलणे कमी पडले ते सांगाल का, म्हणजे मला त्यावर काम करता येईल,’ असे तिने विचारायचे. तिने धीर करून विचारले. उत्तर असे मिळाले: ‘कस्टमर कम्प्लेंटच्या मीटिंगमध्ये तू बराच वेळ कारणे सांगत होतीस, पण माल पाठवायचा की थांबवायचा, ते शेवटपर्यंत कळले नाही.’ ती बैठक मराठी-हिंदीत झाली होती. इंग्रजीचा त्यात काही संबंधच नव्हता.

ही तक्रार काय होती ते थोडक्यात सांगायला हवे. एका भागातील छिद्राचा व्यास २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत असणे बंधनकारक होते, म्हणजे मोकळीक होती अवघी २१ मायक्रॉनची; माणसाचा केस साधारणपणे याच्या तिप्पट जाड असतो. बोअरिंग करणारी, म्हणजे छिद्र आतून कापून मापात आणणारी, टिप झिजत गेली की छिद्र हळूहळू लहान होत जाते, आणि टिप वेळेवर बदलली नाही तर ग्राहकाकडे जोडणी करताना पिन आत जात नाही. नेमके तेच घडले होते. तिने आलेख काढून टिपेची झीज आणि व्यासातली घट यांचा संबंध बिनचूक सिद्ध केला होता, आणि तोच आलेख, त्याच क्रमाने, तिने ऑपरेटरना, सुपरवायझरना, प्लँट हेडना आणि ग्राहकाच्या प्रतिनिधीला दाखवला होता.

आमच्या एका भेटीत मी तिला घरी नेहमी म्हटल्या जाणाऱ्या एका आरतीची चाल टेबलावर बोटांनी वाजवायला सांगितली. ती वाजवत होती, पण मला केवळ टकटक ऐकू येत होती; आरती कोणती ते काही ओळखता आले नाही. ‘मॅडम, इतकी सोपी आहे!’ ती म्हणाली. १९९० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी हाच प्रयोग केला होता. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की ऐकणारे निम्मी गाणी ओळखतील. प्रत्यक्षात १२० पैकी फक्त ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते, ऐकणाऱ्याच्या डोक्यात ती नसते. तिच्या डोक्यात आलेखाची चाल चालू होती आणि समोरच्यांना नुसते आकडे ऐकू येत होते.

मग आम्ही एक प्रश्न धरून बसलो: माझे ऐकून झाल्यावर या माणसाला नेमके काय करायचे आहे? प्लँट हेडना निर्णय घ्यायचा आहे. ग्राहकाच्या प्रतिनिधीला त्याच्या वरिष्ठांना उत्तर द्यायचे आहे. सुपरवायझरला शिफ्टचा आकडा सांभाळायचा आहे. ऑपरेटरला ती टिप स्वतःच्या हाताने बदलायची आहे. तेव्हा ज्याला जे करायचे आहे, त्याला लागणारी माहिती आधी सांगायची आणि बाकीची त्याने विचारल्यावर.

येथे ती अडली. ‘म्हणजे तोंड पाहून बोलायचे का? ते मला जमणार नाही,’ असे ती काहीशा रागानेच म्हणाली, आणि मला तिचा तो राग आवडला. ही शंका प्रामाणिक माणसांनाच येते. मी तिला एक कसोटी सुचवली. चौघांना वेगवेगळे जे सांगितले, ते उद्या चौघांनी एकमेकांसमोर बसून ऐकले, तर कुणाला आपण फसवले गेलो असे वाटेल का? वाटणार असेल, तर ते लबाडीचे बोलणे. वाटणार नसेल, तर बदलला आहे तो फक्त क्रम आणि तपशील. सदोष नगांचा आकडा चौघांसाठी एकच राहील, हे तिने स्वतःच ठरवले.

सर्वांत अवघड ठरले ते ऑपरेटरशी बोलणे. ज्या मशीनवर दोष निघाला होता, त्यावरचे ज्येष्ठ ऑपरेटर वयाने तिच्या वडिलांएवढे होते. सगळे त्यांना मामा म्हणत आणि ते तिला ‘मॅडम’ म्हणत, पण त्या ‘मॅडम’मध्ये अंतर होते. त्याआधी ती त्यांच्याकडे गेली होती ती भर शिफ्टमध्ये, मशीन चालू असताना, हातात इंग्रजी आलेख घेऊन आणि ‘टिप वेळेवर का बदलत नाही’ हा प्रश्न घेऊन. चारचौघांत विचारलेल्या अशा प्रश्नाला माणूस आपली बाजू सांभाळणारे उत्तर देतो, खरे उत्तर देत नाही. या वेळी ती शिफ्ट सुटताना गेली, ग्राहकाकडून परत आलेला नग आणि छिद्राचे माप तपासायचे गेज सोबत घेऊन. छिद्र मापात असेल तर आत जायलाच हवे असे गेजचे ‘गो’ टोक तिने त्यांच्याच हाती दिले. ते छिद्रात शिरेना. मामांनी नग उजेडाकडे धरून आतून पाहिला आणि म्हणाले, ‘ही टिप गेल्यावरची फिनिश आहे. नाइटचा नग असणार.’ तिने विचारले, ‘मामा, नाइटला काय अडचण येते?’

मग जे बाहेर आले ते तिच्या कोणत्याही आलेखात नव्हते. रात्रपाळीत टूल स्टोअरला कुलूप असे, किल्ली सुपरवायझरकडे, आणि सुपरवायझर दुसऱ्या लाइनवर. टिप आणायला गेले की नग कमी निघत आणि सकाळी त्याचा जाब ऑपरेटरला द्यावा लागे, म्हणून ऑफसेट देऊन देऊन, म्हणजे झीज भरून काढायला मशीनवरचे माप थोडे थोडे सरकवत, तीच टिप शेवटपर्यंत ओढली जाई. संवादाच्या प्रशिक्षणांत बोलण्यावर जेवढा वेळ जातो, त्याच्या निम्मादेखील अशा विचारण्यावर जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते. दोष ऑपरेटरच्या हलगर्जीपणाचा नसून टिपा ठेवण्याच्या व्यवस्थेचा आहे, हे तिला एका साध्या प्रश्नाने कळले.

सुपरवायझरशी बोलणे त्यानंतर फारसे कठीण गेले नाही. मशीनजवळ बदलीच्या टिपा ठेवल्या तर त्यांचीही धावपळ वाचणार होती. प्लँट हेडसमोर बोलण्यासाठी तिने आधी कागदावर चार वाक्ये लिहिली. किती माल संशयित आहे आणि तो कुठे आहे. आज पाठवण्याजोगा माल किती आहे. दोष कशामुळे आला. आणि मला तुमच्याकडून कोणती मंजुरी हवी आहे. आलेख तिने फाइलमध्ये ठेवला. त्यांनी मागितल्यावर तो दाखवला, आणि तेव्हा त्यांनी तो लक्ष देऊन पाहिला.

ग्राहकाच्या प्रतिनिधीसाठी क्रम पुन्हा वेगळा होता. वाहन उद्योगात तक्रारीचे उत्तर आठ पायऱ्यांच्या ‘एट-डी’ अहवालात देतात. फोर्ड कंपनीने १९८७ साली ही पद्धत पुस्तिकेच्या रूपात मांडली. त्यात मूळ कारणाच्या आधी सदोष माल वेगळा काढून ग्राहकाचे नुकसान थांबवण्याची पायरी येते. तिने हा अहवाल अनेकदा भरला होता, पण फोनवर बोलताना मात्र ती सरळ कारणावर उडी घेत असे. ‘तुमच्याकडे असलेल्या मालाची तपासणी आमची माणसे आज सुरू करत आहेत,’ हे वाक्य आधी आले, तेव्हा पलीकडचा आवाज खाली आला.

परदेशी ग्राहकाशी इंग्रजीत फोनवर बोलणे तिला अजूनही जड जाते, आणि त्यासाठी तिने वर्ग चालू ठेवला आहे. तो ठेवावाच, असे मी तिला सांगितले. फोनआधी ती तीन वाक्ये लिहून घेते आणि बोलणे संपल्यावर ठरलेल्या गोष्टी छोट्या मेलने कळवते. सध्या तिच्यापुढे प्रश्न आहे तो खरेदी विभागाचा: मशीनजवळ टिपा ठेवल्यामुळे त्यांचा खप वाढलेला दिसतो आणि त्या विभागाच्या साहेबांना तो खर्च खटकतो. त्यांच्यासमोर कोणता आकडा आधी ठेवायचा, टिपेच्या किमतीचा की परत आलेल्या मालाच्या खर्चाचा, यावर ती पुढच्या भेटीत बोलणार आहे.