‘मी नसतो तर…’ हे वाक्य तसंच सोडू नका

फोंड्याच्या ताई, तुम्ही लिहिता: बोटीवरच्या नोकरीतून परतलेला २९ वर्षांचा भाऊ महिनाभर खोलीतच असतो, पहाटे तीनपर्यंत जागतो, ताटातलं अर्धं टाकतो. परवा म्हणाला, ‘मी नसतो तर बरं झालं असतं.’ आईने ‘अभद्र बोलू नकोस’ म्हणून गप्प केलं. चवथीला घर भरेल, त्याआधी त्याच्याशी कसं बोलू?

चवथीपर्यंत थांबू नका, आजच बोला. समोर बसवलंत तर त्याला उलटतपासणी वाटेल. गाडीतून जाताना किंवा बाल्कावर, म्हणजे दारापुढच्या ओसरीवर, शेजारी बसून बोला. सुरुवात दिसलेल्या गोष्टीने करा: ‘तू परवा बोललास ते माझ्या मनातून जात नाही.’ मग गप्प राहा. ती शांतता जड वाटते आणि तिथेच आपण ‘होईल सगळं ठीक’, ‘तुला काय कमी आहे?’ असं बोलून जातो. त्यातून त्याला एवढंच कळतं की इथे दुःख सांगायची सोय नाही.

नंतर स्पष्ट विचारा: ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. कित्येकांना उलट सुटल्यासारखं वाटतं. ‘हो’ म्हणाला तर कसं, कधी, काही जवळ ठेवलंय का, हेही विचारा. बागेतली फवारणीची औषधं आणि गोळ्या घराबाहेर हलवा, त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी बांबोळीच्या मनोरुग्णालयात न्या. धोका समोर दिसत असेल तर १०८. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका. ‘आईला काय सांगायचं ते दोघं मिळून ठरवू’ म्हणा.

‘नाही’ म्हणाला तरी दोन आठवड्यांवर टिकलेली उदासी डॉक्टरांना दाखवायलाच हवी. पहिल्या खेपेला सोबत जा. औषधाचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. पुष्कळजण त्याआधीच सोडतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास, मोफत असतो. तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

गोव्यातच ‘संगाथ’ या संस्थेने प्रशिक्षित समुपदेशकांकडून सहा ते आठ भेटींत नैराश्यावर उपचार करून पाहिले, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातलं मुख्य सूत्र असं की उमेद येण्याची वाट न पाहता छोटं काम आधी सुरू करायचं. म्हणून अख्खी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची सजावट, त्याच्यावर टाकू नका. ‘सुपारीचा घोस आणायला माझ्याबरोबर चल’, एवढंच. नाही म्हणाला तर उद्या त्याहून लहान काम विचारा.

आणि काका-मावश्यांना आधीच फोन करा: ‘परत बोटीवर कधी?’ हे कुणी विचारायचं नाही. आरतीला तो खोलीतच राहिला तर दार वाजवू नका, ताट मात्र तुम्ही स्वतः घेऊन जा.