वाढलेला कार्बन नेमका कुठला?

प्रश्न : हवेत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ०.०४ टक्के आहे आणि ज्वालामुखीही तो सोडतात. मग वाढलेला वायू इंधन जाळल्यामुळेच आला आणि त्यानेच तापमान वाढते, हे खात्रीने कसे सांगता येते?

उत्तर : या वायूचा उगम त्याच्या अणूंवरून ओळखता येतो. सजीवांच्या शरीरात कार्बन-१४ हा किरणोत्सारी अणू अत्यल्प प्रमाणात असतो आणि मृत्यूनंतर दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होत जातो. चंद्रपूर-वणी भागातला कोळसा २५ कोटी वर्षांहून जुन्या वनस्पतींचा असल्यामुळे त्यात मूळचा कार्बन-१४ उरलेलाच नाही. असे इंधन जळत राहिले की हवेतील कार्बन-१४ चे प्रमाण खाली येते. शास्त्रज्ञ हान्स स्यूस यांनी १९५५ मध्ये झाडांच्या वाढीच्या वलयांत ही घट दाखवून दिली.

ज्वालामुखींच्या वायूतही कार्बन-१४ नसतो, ही शंका इथे रास्तच आहे. तिचे निरसन कार्बन-१३ हा कार्बनचाच किंचित जड अणू करतो. प्रकाशसंश्लेषणात वनस्पती हलका कार्बन-१२ अधिक घेतात, म्हणून वनस्पतींपासून बनलेल्या कोळशात आणि समुद्री सूक्ष्मजीवांपासून बनलेल्या तेलात कार्बन-१३ कमी असतो, ज्वालामुखींच्या वायूत मात्र तो इतका कमी नसतो. हवेतील कार्बन-१३ चे प्रमाण सातत्याने घटत आहे. शिवाय ज्वलनाला ऑक्सिजन लागतो आणि हवेतला ऑक्सिजनही किंचित, पण मोजता येईल इतका, कमी होत आहे. श्वास घेण्यावर त्याचा परिणाम होत नाही, पण पुरावा म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. ज्वालामुखींचे वार्षिक उत्सर्जन तर इंधनाच्या उत्सर्जनाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे.

आता ०.०४ टक्क्यांविषयी. हवेचा ९९ टक्के भाग असलेले नायट्रोजन, ऑक्सिजन आणि आरगॉन हे वायू जमिनीकडून अवकाशात जाणारी अवरक्त उष्णता जवळजवळ अडवतच नाहीत. ते काम बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन असे थोडेच वायू करतात, आणि ते नसते तर पृथ्वीचे सरासरी तापमान १५ अंशांऐवजी उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. त्यामुळे प्रमाण अल्प आहे म्हणून परिणामही अल्प, असे म्हणता येत नाही. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते सुमारे ३१५ होते आणि आज ४२० च्या वर आहेत. अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांवरून मागील आठ लाख वर्षांचा हिशेब लागतो. औद्योगिक युगापूर्वीच्या त्या साऱ्या काळात हा आकडा फारसा ३०० च्या वर गेलेला दिसत नाही.