बायरडायनॅमिक कंपनीचे डीटी ७७० प्रो आणि डीटी ९९० प्रो हे हेडफोन दिसायला सारखेच आहेत, मग आवाजात फरक काय?

दोन्हींच्या २५० ओहमच्या (ओहम म्हणजे विद्युतरोधाचे माप) आवृत्त्यांना तीच करडी मखमली गादी असल्यामुळे फोटोत गफलत होणे स्वाभाविक आहे; पण कानावरच्या वाटीची बाहेरची बाजू नीट पाहा. ७७० ची पाठ बंद आहे, तर ९९० च्या पाठीला हवा खेळू देणाऱ्या फटी आहेत, आणि मुख्य फरक तिथेच आहे. बंद पाठीमुळे ७७० मध्ये खर्ज भरीव लागतो व बाहेरचा गोंगाट बराच अडतो. ९९० मध्ये वाद्ये मोकळ्या जागेत वाजल्यासारखी वाटतात, मात्र गाणे शेजारच्यालाही ऐकू जाते आणि झांजांचा व ‘स’काराचा आवाज टोकदार होतो, जो मला तरी लवकर खुपू लागतो. माइकसमोर गायचे असेल तर ७७० च घ्यावा. मोबाइलवर मात्र २५० ओहमच्या रोधामुळे दोन्हींचा आवाज दबकाच येतो.