कुऱ्हाड लावली नाही, पण मुळं?

‘झाड माझं, अंगण माझं आणि झाड तोडलेलंही नाही. मग नोटीस कसली?’ पुण्यातल्या एका वाचकाचा हा प्रश्न. बंगल्यापुढे फरशी घालायची टूम निघाली की अशी पत्रं येतातच. यांनी आंब्याखाली बसायला ओटा हवा म्हणून जेसीबीने दीड फूट खणून घेतलं. मनगटाएवढी दोन मुळं तुटली, शेजाऱ्यांनी फोटो काढले आणि महापालिकेला पाठवले.

मालकीचं सोडा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खासगी अंगणातही शिरतो. सगळं अडलंय ते ‘झाड तोडणे’ या शब्दांच्या व्याख्येवर. तीत जाळणं, कापणं आणि झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणं, हे सगळं येतं. कुऱ्हाड लावली नाही, या उत्तराला म्हणून अर्थ नाही. दोन मुळं म्हणजे इजा की नाही, यावर वाद घालता येईल. पण झाड पुढच्या वर्षी वाळलं तर तो वाद तुम्ही हरलात असं समजा.

दुसरी चूक तुमची स्वतःची. आंबा १९६४ साली आजोबांनी लावला, हे तुम्ही पाहणीला आलेल्या माणसाला कौतुकाने सांगितलंत आणि पंचनाम्यावर सहीही केलीत! २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नाशी ओलांडलेलं झाड वारसा वृक्ष ठरतं, आणि ते गेलं तर भरपाईची रोपं त्याच्या वयाइतकी. ती लावायला जागा कुठून आणाल?

नोटिशीची मुदत सात दिवसांची होती. ती एकोणीस दिवस तुमच्या टेबलाच्या खणात पडून राहिली. दिवाणी दावा लावू म्हणता, पण पहिली खरी तारीख लागेपर्यंत आंबा दोनदा मोहरून जाईल. त्यापेक्षा आजच वृक्ष अधिकाऱ्यांच्या नावे लेखी खुलासा द्या: काम थांबवलं आहे, उशिराबद्दल दिलगीर आहे, पुन्हा पाहणी करावी. आवक विभागाची पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

सोबत ओट्याचा सुधारित आराखडाही जोडा. अन्न-पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, म्हणून खोदाई नको आणि पीसीसी, म्हणजे साध्या काँक्रीटचा थर, तर नकोच. आहे त्या जमिनीवर वाळू पसरून पेव्हर बसवा, पाणी मुरू द्या, बुंध्याभोवती माती उघडी ठेवा आणि बुंध्यावर भराव चढवू नका. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरच्या आतलं काँक्रीट काढायला लावलं होतं. तो आदेश तुमच्या अंगणाला थेट लागू होईल असं मी म्हणत नाही; पण किमान तेवढं अंतर सोडलंत तर अधिकाऱ्यांशी बोलायला तोंड राहील.

‘गावात वडाला पार असतोच की’ हे वाक्य खुलाशात घालू नका. आणि जेसीबीवाल्याचं बिल जपून ठेवा, त्यावर काम थांबल्याची तारीख आहे.