ख्रिस्तावरील विश्वास रोजच्या वागण्यात कसा दिसावा?

येशूवर विश्वास ठेवल्यावर वागण्यात नेमके काय बदलावे, याचे सर्वांत स्पष्ट उत्तर मला बायबलमधील लूकच्या शुभवर्तमानातील 19व्या अध्यायात, यरीहोच्या जक्कय या मुख्य जकातदाराच्या वृत्तांतात सापडते. येशू घरी उतरताच जक्कयने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचे आणि कोणाचे अन्यायाने घेतले असल्यास चौपट परत करण्याचे ठरवले. म्हणजे जिथे पाप घडत होते, त्या हिशेबातच पालट झाला. म्हणून (प्रार्थना तर हवीच) घरकाम करणाऱ्या बाईंचा थकलेला पगार आधी द्यावा, तराजूत काटा मारणे थांबवावे, भावाशी धरलेला अबोला सोडावा. असाच कृतीतून दिसणारा विश्वास ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचा होता: त्यांनी 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली आणल्या, केडगावी त्यांना आसरा दिला आणि वाचनाबरोबर शेती, विणकाम व छपाईही शिकवली.